आधी गोठा, मग पाहुणा : दक्षिण टायरॉलमधील शेतघरांचा मुक्काम

निवास आणि न्याहारी एवढ्या दोनच सोयी देणारा घरगुती मुक्काम युरोपातील अनेक देशांत आढळतो. परंतु त्याचा जो प्रकार चालू शेतीच्या घरात आढळतो, तो वेगळा काढून अभ्यासण्याजोगा आहे. ‘चालू शेती’ ही येथे खरी कसोटी होय. ज्या घराची चूल आजही दूध, गवत, फळे किंवा द्राक्षे यांच्या उत्पन्नावर पेटते, जेथे पाहुणा आला काय किंवा न आला काय, पहाटेची धार चुकत नाही, आणि जेथे पाहुण्याच्या पानातील लोणी शेजारच्याच गोठ्यातून आलेले असते, अशा घरातील भाड्याची खोली ही शेताचा देखावा विकणाऱ्या हॉटेलपेक्षा मुळातच निराळी असते. पहिल्या ठिकाणी शेती मुख्य आणि पाहुणचार पूरक असतो. दुसऱ्या ठिकाणी शेती ही पाहुणचाराची सजावट होऊन बसते. हा फरक केवळ शेतकऱ्याच्या सदिच्छेवर टिकत नाही, कारण खोलीचे भाडे दुधापेक्षा सहज मिळू लागले की गोठा रिकामा करून तेथेही खोल्या काढण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. तो मोह आवरण्यासाठी जमीनधारणेची पद्धत, कायदा आणि शेतकऱ्यांची संघटना असे तीन आधार लागतात, आणि इटलीच्या उत्तर सीमेवरील दक्षिण टायरॉल या आल्प्समधील प्रांतात ते तिन्ही एकत्र आलेले दिसतात.

प्रदेश आणि शेती

दक्षिण टायरॉल, म्हणजेच बोल्झानोचा स्वायत्त प्रांत, पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या अमलाखालील टायरॉलचा भाग होता आणि १९१९ च्या सॅं-जर्मेनच्या तहानंतर तो इटलीकडे आला. सुमारे ७,४०० चौरस किलोमीटरच्या या प्रांताची लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक असून तिच्यातील बहुसंख्य लोक जर्मन बोलतात, सुमारे पाव लोक इटालियन बोलतात आणि डोलोमाइट पर्वतातील काही खोऱ्यांत लादिन ही लॅटिनपासून निघालेली जुनी भाषा आजही बोलली जाते. १९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने शेती आणि पर्यटन या दोन्ही विषयांवर कायदे करण्याचे अधिकार प्रांताकडे आले, आणि पुढे शेतघरांतील मुक्कामाला जे वळण मिळाले त्यामागे या अधिकारांचा वाटा मोठा आहे.

येथील शेती उंचीप्रमाणे थरांत विभागलेली आहे. खोऱ्यांच्या तळाशी, आदिजे नदीच्या काठाने, सुमारे १८,००० हेक्टरांवर सफरचंदाच्या बागा असून युरोपातील सफरचंदाचा सलग असा सर्वांत मोठा पट्टा म्हणून हा भाग ओळखला जातो. त्याला लागून असलेल्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. त्याहून वर, साधारणपणे हजार मीटरच्या पुढे, फळझाडे मागे पडतात आणि गवताची कुरणे व दुभती जनावरे एवढीच शेती उरते. त्याच्याही वर जंगल, आणि जंगल संपल्यावर आल्म नावाची उन्हाळी चराऊ राने लागतात. प्रांतात अशी राने सतराशेच्या आसपास असून जूनमध्ये जनावरे तेथे चढवली जातात आणि सप्टेंबरात, हंगाम बिनधोक पार पडला असेल तर कपाळावर फुलापानांचे मुकुट बांधून, वाजतगाजत खाली आणली जातात. ती वर असतात तेवढ्या काळात खालच्या कुरणांतील गवत कापून, वाळवून, कोठारात भरून ठेवावे लागते. कारण दीर्घ हिवाळ्यात जनावरांचा सगळा भार या साठ्यावरच असतो. डोंगरउतारावरच्या काही कुरणांचा चढ इतका तीव्र असतो की तेथे ट्रॅक्टर जात नाही, आणि शेतकरी बुटांना लोखंडी काटे बांधून लांब दांड्याच्या विळ्याने किंवा हातात धरायच्या छोट्या यंत्राने गवत कापतो. अशा घरी गायी बहुधा दहा-पंधराच असतात. सपाट मैदानातील मोठ्या दुग्धशाळांशी भावाच्या बाबतीत स्पर्धा करणे या शेतकऱ्याला शक्य नसते, आणि पाहुण्याच्या खोलीचा विचार या अडचणीपासूनच सुरू होतो.

अविभाज्य शेत

दक्षिण टायरॉलमधील शेतघर समजून घेण्यासाठी ‘गेश्लॉसनर होफ’, म्हणजे अविभाज्य शेत, ही कायदेशीर संकल्पना आधी समजून घ्यावी लागते. घर, गोठा, कोठार, कुरण, जंगलाचा तुकडा आणि सामाईक रानातील चराईचे हक्क या सर्वांची जमीन नोंदवहीत एकच अखंड नोंद असते, आणि तिच्यातील एखादा तुकडा वेगळा काढायचा किंवा विकायचा झाल्यास स्थानिक समितीची परवानगी घ्यावी लागते. शेताचा मालक वारला किंवा निवृत्त झाला म्हणजे सबंध शेत एकाच वारसाकडे जाते. इतर भावंडांना वाटा मिळतो तो पैशाच्या रूपाने, आणि तोही जमिनीच्या बाजारभावावर नव्हे, तर शेतीतून निघणाऱ्या उत्पन्नावर मोजलेला. बाजारभाव धरला असता तर भावंडांचे देणे फेडण्यासाठी वारसाला शेतच विकावे लागले असते, हे त्यामागचे साधे गणित आहे.

शेते फोडण्यावर बंधन घालणारा हुकूम मारिया थेरेसा या सम्राज्ञीने टायरॉलसाठी १७७० मध्ये काढला आणि १९०० मध्ये त्या प्रथेला सविस्तर कायद्याचे रूप मिळाले. इटलीच्या राजवटीत १९२९ मध्ये तो कायदा संपुष्टात आला, तरीही शेतकऱ्यांनी रूढी म्हणून ही रीत बऱ्याच अंशी पाळली आणि १९५४ मध्ये प्रांताने ती पुन्हा कायद्यात आणली. सध्या लागू असलेला कायदा २००१ चा असून त्याने दोन गोष्टी स्पष्ट केल्या: किमान चार माणसांचा योग्य उदरनिर्वाह होईल एवढे उत्पन्न असल्याशिवाय नवे अविभाज्य शेत मान्य होत नाही, आणि वारस ठरवताना मुलग्यांना मुलींआधी मिळणारा अग्रक्रम रद्द झाला. जे शेत एकाच कुटुंबाकडे निदान दोनशे वर्षे चालत आले आहे, त्याला प्रांत ‘एर्बहोफ’, म्हणजे वंशपरंपरागत शेत, असा सन्मान देतो आणि तशी पाटी अनेक घरांच्या दर्शनी भिंतीवर लावलेली असते.

या पद्धतीकडे पाहताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जॉन कोल आणि एरिक वुल्फ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी नॉन्सबेर्ग भागातील शेजारशेजारच्या दोन गावांचा अभ्यास करून १९७४ मध्ये ‘द हिडन फ्रंटियर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील सेंट फेलिक्स हे जर्मन भाषकांचे गाव एकवारसाची रीत मानणारे होते, तर ट्रेट हे इटालियन बोलीचे गाव सर्व मुलांत वाटणी मानणारे होते. प्रत्यक्षात मात्र डोंगरातील जमिनीची धारणक्षमताच इतकी मर्यादित होती की दोन्ही गावांतील शेतांचे आकार फारसे वेगळे राहिले नाहीत, कारण सर्वांना वाटा देण्याचे तत्त्व मानणाऱ्या गावातही सर्वांना शेती करून जगता येत नव्हते. म्हणजे कायद्यानेच सर्व काही घडवले असे म्हणता येत नाही. निसर्गाने घातलेली मर्यादा कायद्याने उघडपणे मान्य केली, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

रिकाम्या झालेल्या खोल्या

पूर्वीच्या शेतघरात मालकाचे कुटुंब, अविवाहित राहिलेली भावंडे आणि सालगडी असे सर्वजण राहत, त्यामुळे घरे ऐसपैस बांधलेली असत. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रे आली, सालगडी कारखान्यांत आणि शहरांत गेले, कुटुंबे लहान झाली आणि माडीवरच्या खोल्या ओस पडल्या. त्याच सुमारास जर्मनीतील मध्यमवर्गाकडे सुटी आणि मोटार या दोन्ही गोष्टी आल्या. ब्रेनर खिंडीतून उत्तरेकडून येणारा महामार्ग १९७४ मध्ये पूर्ण झाल्यावर तर म्युनिकहून निघालेले कुटुंब काही तासांत येथे पोहोचू लागले. ‘खोली मिळेल’ अशी पाटी दारावर लावणे हा ओस खोल्यांवरचा सर्वांत सोपा उपाय होता आणि हजारो घरांनी तो केला. उन्हाळ्यात थंड हवेसाठी डोंगरावर मुक्कामाला जाण्याची रीत या प्रदेशाला नवी नव्हती. बोल्झानो शहरातील सुखवस्तू घराणी सतराव्या शतकापासून रिटन पठारावर उन्हाळा काढत आली होती आणि १९०७ मध्ये त्या पठारावर जाणारी रेल्वेही सुरू झाली होती. मात्र ती मंडळी स्वतःच्या उन्हाळी घरांत राहत. शेतकऱ्याच्या घरात, त्याच्याच छपराखाली, अनोळखी माणसाने भाडे देऊन राहणे हा बदल महायुद्धानंतरचा आहे.

घराची रचना या मुक्कामाला अनुकूल होती. बऱ्याच ठिकाणी राहते घर आणि गोठा-कोठार अशा दोन इमारती जोडीने, पण एकमेकींपासून वेगळ्या उभ्या असतात, कारण गवताच्या कोठाराला लागणारी आग घरापर्यंत येऊ नये ही काळजी जुन्या बांधकामात घेतलेली असे. घराच्या मध्यभागी श्टूबे नावाची खोली असते. ती पाइनच्या, विशेषतः उंचावर वाढणाऱ्या सुवासिक आरोला पाइनच्या, फळ्यांनी चारी बाजूंनी मढवलेली असून तिच्या एका कोपऱ्यात विटामातीची मोठी शेगडी आणि तिच्याभोवती बसायला लाकडी बाक असतो. या शेगडीत लाकूड घालण्याचे तोंड बहुधा खोलीबाहेर, स्वयंपाकघराच्या किंवा ओटीच्या बाजूला ठेवलेले असल्यामुळे खोलीत ऊब येते, पण धूर येत नाही. समोरच्या कोपऱ्यात क्रूस आणि त्याखाली जेवणाचे मेज असते. जुन्या मराठी घरातील माजघराप्रमाणे घरातील सगळे बोलणे, ठरवणे आणि जेवणे याच खोलीत होते, आणि पाहुण्याला न्याहारी दिली जाते तीही बहुधा येथेच.

कायद्याची मोजपट्टी

शेतकऱ्याच्या घरातील मुक्कामाला इटलीत ‘अग्रितुरिझ्मो’ म्हणतात. त्याचा प्रसार करणारी ‘अग्रितुरिस्त’ ही संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली, दक्षिण टायरॉलच्या शेजारच्या ट्रेंटो प्रांताने १९७३ मध्ये या विषयावर पहिला प्रांतिक कायदा केला, आणि ५ डिसेंबर १९८५ रोजी सबंध देशासाठी कायदा क्रमांक ७३० मंजूर झाला. या कायद्याने पाहुणचार हा शेतीशी ‘संलग्न आणि पूरक’ असला पाहिजे आणि मशागत, वनशेती व पशुपालन हेच मुख्य व्यवसाय राहिले पाहिजेत, असे तत्त्व घालून दिले. २० फेब्रुवारी २००६ च्या कायदा क्रमांक ९६ ने त्याची जागा घेतली, तरी शेती प्रधान राहिली पाहिजे हे तत्त्व तसेच ठेवले, आणि ते मोजायचे कसे हेही सांगितले.

ही मोजणी पैशावर नव्हे, तर मुख्यतः श्रमाच्या वेळेवर केली जाते, ही या कायद्यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. एक गाय सांभाळायला वर्षाकाठी किती तास लागतात, एक हेक्टर कुरणाला किंवा द्राक्षमळ्याला किती तास लागतात, आणि एका पाहुण्याच्या खोलीला किती तास लागतात, यांचा ठरावीक हिशेब धरून दोन्ही बाजूंची बेरीज केली जाते आणि शेतीची बाजू जड राहिली पाहिजे अशी अट असते. उत्पन्नाची तुलना केली असती तर डोंगरातील लहान शेतकरी हमखास नापास झाला असता, कारण खोलीच्या भाड्यापुढे दहा गायींचे दूध पैशात कमीच भरण्याचा संभव असतो. श्रमाची तुलना केल्यामुळे जो खरोखर गोठ्यात आणि कुरणात राबतो, तो तरतो. दहापर्यंतच पाहुणे ठेवणाऱ्या घरात शेतीच प्रधान आहे असे कायदा मानूनच चालतो, म्हणजे लहान शेतकऱ्याला हिशेबाची कागदपत्रे रंगवत बसावे लागत नाही.

बाकीच्या अटीही त्याच दिशेने जातात. पाहुण्यांसाठी शेतावर आधीपासून असलेल्या इमारती किंवा त्यांचे भाग वापरावेत. पानात वाढल्या जाणाऱ्या पदार्थांत स्वतःच्या शेतातील मालाचा लक्षणीय वाटा असावा आणि उरलेला माल शक्यतो त्याच प्रदेशातील, विशेषतः भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेला असावा. आणि हा व्यवसाय करणारा मुळात शेतकरीच असावा, असे २००६ चा कायदा सांगतो. त्या बदल्यात सरकारने कराची सवलत दिली आहे: १९९१ च्या तरतुदीनुसार या व्यवसायातील जमेच्या २५ टक्के रक्कम हेच करपात्र उत्पन्न धरण्याचा सोपा पर्याय शेतकऱ्याला उपलब्ध असतो. सवलत आणि अट यांची अशी सांगड असल्यामुळेच देशभरात आज २५ हजारांहून अधिक शेतघरे या व्यवसायात आहेत, आणि त्यांत टस्कनीबरोबर दक्षिण टायरॉल आघाडीवर आहे.

तिसरा आधार संघटनेचा. दक्षिण टायरॉलच्या शेतकरी संघाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘रोटर हान’, म्हणजे लाल कोंबडा, ही नाममुद्रा सुरू केली आणि तिच्याखाली शेतघरांतील मुक्काम, शेतावरची खानावळ आणि घरगुती उत्पादनांची विक्री एकत्र आणली. हॉटेलांना तारे देतात, त्याऐवजी येथे घरांना एक ते पाच फुले दिली जातात. मूल्यमापन करताना खोलीतील सोयींबरोबर शेतावर काय अनुभवता येते, घरची उत्पादने कोणती मिळतात आणि कुटुंबाचा पाहुण्याशी संबंध कसा असतो, हेही पाहिले जाते. एकट्या शेतकऱ्याला म्युनिकमधील किंवा मिलानमधील ग्राहकापर्यंत पोहोचणे परवडत नाही. ते काम संघटना करते आणि त्या बदल्यात दर्जाची शिस्त लावते. दुधाच्या बाबतीत या शेतकऱ्यांना ही पद्धत आधीपासून परिचित होती, कारण येथील बहुतेक दूध सहकारी दुग्धशाळांकडेच जाते.

न्याहारीचे मेज

या व्यवस्थेचे प्रत्यक्ष रूप न्याहारीच्या मेजावर दिसते. शेतघरातील सकाळ गोठ्यात सुरू होते. धार काढणे, शेण ओढणे आणि वैरण घालणे आटोपेपर्यंत सात वाजून जातात, दूध संकलनाच्या गाडीकडे जाते आणि त्यानंतरच श्टूबेतील मेज मांडले जाते. मेजावर दूध, लोणी, उकडलेली अंडी, जर्दाळूचा किंवा बेरींचा मुरंबा, सफरचंदाचा रस, एल्डरच्या फुलांचे सरबत, श्पेकचे पातळ काप, चीज आणि राय या तृणधान्याची भाकरी असते.

या पदार्थांतील तीन पदार्थ शेताच्या गरजेतून जन्मलेले आहेत, म्हणून ते जरा जवळून पाहण्याजोगे आहेत. पहिला श्युटलब्रोट, म्हणजे रायच्या पिठाची पातळ, कडक, वाटोळी भाकरी. सैलसर पिठाचा गोळा लाकडी पाटीवर ठेवून ती पाटी हातांनी हलवत हलवत तो पसरवला जातो, आणि पिठात बडीशेप, कॅरवे व निळी मेथी घातलेली असते. ही निळी मेथी म्हणजे मराठी स्वयंपाकघरातील मेथीच्याच कुळातील निळ्या फुलांची वनस्पती असून तिचा वास या भागातील भाकरीची ओळख मानला जातो. पूर्वी शेतावरची भट्टी वर्षातून दोन-तीनदाच पेटवली जाई, कारण इंधन आणि वेळ दोन्ही मोजके असत. एकदम भाजलेल्या भाकऱ्या लाकडी मांडणीवर उभ्या रचून महिनोन्‌महिने ठेवल्या जात आणि त्या इतक्या वाळत की तोडण्यासाठी पाटीला बसवलेले खास पाते वापरावे लागे. दुसरा श्पेक: डुकराची मांडी मीठ, ज्युनिपरची फळे, तमालपत्रासारखी लॉरेलची पाने आणि मिरी यांत मुरवून, थंड धुराची हलकी धुरी देऊन, सुमारे २२ आठवडे हवेशीर जागी वाळवली जाते. आल्प्सच्या उत्तरेस मांस मुख्यतः धुरावर टिकवत आणि दक्षिणेस हवेवर. या सीमेवरच्या प्रदेशात दोन्ही रीती एकत्र आल्या. १९९६ पासून या पदार्थाला युरोपीय संघाचे भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे. तिसरा ग्राउकेझ, म्हणजे करडे चीज: साय काढून तिचे लोणी विकायचे आणि उरलेले बिनसायीचे दूध आंबवून, रेनेट न घालता, घरच्यासाठी चीज करायचे, या काटकसरीतून तो आला. पाहुणा आज ज्याला खास पदार्थ म्हणून दाद देतो, ते एके काळी विकण्याजोगे सर्व विकून झाल्यावर घरात उरलेले अन्न होते.

शरद ऋतूत खोऱ्यातील द्राक्षमळ्यांच्या घरांत ट्योर्गेलेन नावाची रीत असते. नवी द्राक्षे गाळून झाल्यावर कोवळी वाइन, भाजलेले चेस्टनट, बार्लीचे सूप आणि सॉसेज यांचे जेवण दिले जाते, आणि आइसाक नदीच्या खोऱ्यात त्यासाठी चेस्टनटच्या झाडांमधून चालत एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाण्याची प्रथा आहे. या जेवणाची तारीख पर्यटन हंगामावर नव्हे, तर पिकावर ठरते.

श्रम कोणाचे, पैसा कशाचा

खोलीच्या भाड्यातून आलेला पैसा बहुतेक घरांत पुन्हा शेतीतच जातो: डोंगरउतारावर चालणारे गवत कापणीचे यंत्र, गोठ्याची दुरुस्ती, भावंडांचे देणे किंवा पुढच्या पिढीचे शिक्षण यांना तो लागतो. डोंगराळ शेतांसाठी प्रांत उंची, चढ आणि दळणवळणाची अडचण मोजून गुण देतो आणि त्या गुणांवर अनुदान ठरते. अनुदान, दूध आणि पाहुणा या तिन्हींची गोळाबेरीज झाली म्हणजे एका कुटुंबाचे भागते. शेजारच्या बेल्लुनो प्रांतातील अनेक डोंगरी गावे विसाव्या शतकात ओस पडत गेली. दक्षिण टायरॉलमध्ये मात्र तशाच उंचीवरच्या घरांत आजही लोक राहतात, त्याचे एक कारण ही गोळाबेरीज आहे. एकटा पर्यटनाचा पैसा हे मात्र त्याचे कारण नव्हे.

या व्यवस्थेचा सर्वाधिक भार स्त्रियांवर पडतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. गवत कापणीचा हंगाम आणि पाहुण्यांचा हंगाम एकाच वेळी, जून ते सप्टेंबरात येतो. ऊन पडलेल्या ज्या चार दिवसांत गवत वाळवून आत आणायचे असते, त्याच दिवसांत खोल्या भरलेल्या असतात. खोल्यांची स्वच्छता, न्याहारी, आरक्षणाचा पत्रव्यवहार आणि पाहुण्यांशी बोलणे ही कामे बहुतेक घरांत शेतकरी स्त्रीच करते, आणि गोठ्यातील तिचा वाटा त्यामुळे कमी होत नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या शेतकरी स्त्रियांच्या संघटनेने प्रशिक्षण आणि सामाजिक सुरक्षा या प्रश्नांवर काम केले आहे. तरीही न्याहारीसह खोली देण्याऐवजी स्वयंपाकघर असलेली स्वतंत्र सदनिका देण्याकडे घरांचा कल वाढत गेला आहे, कारण धार काढण्याची वेळ आणि न्याहारी मांडण्याची वेळ एकमेकींवर येते आणि सदनिकेतील पाहुणा आपली न्याहारी आपणच करून घेतो. त्यात श्रम वाचतात, पण मेजावरचा सहवासही जातो.

दुसरा ताण चैनीचा आहे. वाफेची खोली, तलाव आणि काचेच्या भिंती असलेल्या शेतघरांना जास्त भाडे मिळते, आणि काही ठिकाणी गाय ही मुलांना दाखवण्यापुरतीच उरते. प्रांतातील एकूण पर्यटक खाटांवर २०२२ मध्ये मर्यादा घालण्याचा जो निर्णय झाला, त्याच्या मागे पर्यटनाच्या भाराबद्दलची हीच व्यापक चिंता होती. ज्यांना पाहुणा म्हणून नव्हे, तर हात म्हणून यायचे असते, त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे: एक संस्था १९९० च्या दशकापासून स्वयंसेवकांना अडचणीतील डोंगरी शेतांवर पाठवते, आणि ते जेवण व निवास यांच्या बदल्यात गवत कापायला, जनावरे सांभाळायला मदत करतात. भाडे देणारा पाहुणा आणि राबणारा स्वयंसेवक यांची गल्लत न करण्याचा हा विवेक शेतकऱ्यासाठी हिताचा ठरला आहे.

महाराष्ट्रासाठी अर्थ

महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या घरी मुक्काम ही कल्पना कृषी पर्यटन या नावाने रुजली आहे. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांनी या कामाला संघटित रूप दिले, आणि २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण आणून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करण्याची सोय केली. कोकणात तर निवास व न्याहारी योजनेखाली घरातील खोल्या पाहुण्यांना देणे बरेच आधी सुरू झाले होते.

दोन्ही ठिकाणच्या परिस्थितीतील भेद मोठा आहे. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार १.३४ हेक्टर होती. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून अस्तित्वात असूनही वाटण्या होतच राहिल्या, आणि एकवारसाची टायरॉली रीत येथील वारसा कायद्याला व न्यायाच्या कल्पनेला मानवणारी नाही. म्हणून तेथील जमीनधारणा येथे आणता येणार नाही. मात्र दोन गोष्टी घेता येतात. पहिली, शेती प्रधान आहे की नाही हे खोल्यांच्या संख्येवर किंवा जमिनीच्या आकारावर न ठरवता शेतीत खर्च होणाऱ्या श्रमाच्या वेळेवर ठरवण्याची मोजपट्टी. तरणतलाव आणि कृत्रिम पावसातील नाच यांच्या आधाराने चालणाऱ्या केंद्राला ज्या सवलती मिळतात, त्याच सवलती ज्वारी पेरणाऱ्या आणि म्हशी पाळणाऱ्या शेतकऱ्याला मिळत असतील, तर सवलतीचा हेतूच बाजूला पडतो. दुसरी, पाहुण्याला पिकाच्या दिनदर्शिकेत आणणे. ज्वारीचे दाणे कोवळे असताना, पीक पक्व होण्याच्या आधीच्या थोड्याच आठवड्यांत, हुरड्यासाठी शेतावर जाण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. तिच्यात तारीख पीक ठरवते, पाहुणा नव्हे. कोकणातील आंब्याचा हंगाम किंवा इंद्रायणी भाताची लावणी हे प्रसंग याच जातीचे आहेत.

शेतघरात मुक्कामाला जाणाऱ्याने खोलीतील सोयी विचारण्याआधी त्या घरात यंदा काय पेरले आहे आणि धार कोण काढते, हे विचारावे; आणि धोरण आखणाऱ्यांनीही नोंदणीच्या अर्जात हाच प्रश्न सर्वांत वर ठेवावा. दक्षिण टायरॉलचा अनुभव सांगतो तो एवढाच की पाहुण्यामुळे शेती वाचू शकते, पण शेती मोडली तर त्या घरी पाहुण्याला बोलावण्याचे कारणच उरत नाही.